रिलिव्हर नसलेली पाळी

‘अस्तु’ बघितलात का? गेले काही दिवस भेटेल त्याला मी हेच विचारतेय. कंपनीच्या बसमध्ये, कँटीनच्या रांगेत, आकुर्डीच्या मंडईत मेथीची जुडी हातात धरून. कोणी म्हणतं, अहो, किती जुना सिनेमा तो! असू दे की जुना. २०१३ सालचा आहे, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीचा, आणि माझ्यापर्यंत तो आत्ता पोचला. पोचला तो डोक्यातून जायला तयार नाही. त्याच्या मागोमाग आणखी दोन सिनेमे आले, आणि तिघांनी मिळून मला माझीच गल्ली, माझी सोसायटी, हे अख्खं पिंपरी-चिंचवड नव्यानं दाखवलं. एवढं पोटात ठेवून गप्प कसं बसायचं?

आधी ‘अस्तु’. डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे गाढे विद्वान, आयुष्यभर पोथ्यांमध्ये रमलेले. त्यांना अल्झायमर झालाय. एके दिवशी त्यांची मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून जरा दुकानात जाते. तेवढ्यात रस्त्यानं हत्ती जातो. शास्त्रीबुवा गाडीतून उतरतात आणि हरखून हत्तीच्या मागं चालू लागतात. इरा परत येते तर गाडी रिकामी. मग शोधाशोध, पोलीस, फोन, धाकटी बहीण राही, आणि मध्येमध्ये मागचे दिवस. मी हे चाकणच्या बसमध्ये, कानात इअरफोन घालून बघत होते. बस तळेगाव चौकात नेहमीसारखी अडकली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की ही कोंडी सुटू नये.

मोहन आगाशे! ‘घाशीराम कोतवाल’मधला नाना फडणवीस म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो ते आगाशे इथे आपला सगळा दरारा खुंटीला टांगून ठेवतात. बघणाऱ्याच्या आरपार जाणारी ती नजर, काय चाललंय ते कळत नसताना सभ्यपणे मान डोलावणं. आगाशे व्यवसायानं मानसोपचारतज्ज्ञ आहेत हे आठवलं आणि काटा आला. समोर बसलेल्या किती रुग्णांकडे, किती हतबल लेकी-सुनांकडे त्यांनी खरोखर पाहिलं असेल. हा सिनेमा थिएटरात लागावा म्हणून त्यांनी लोकांकडून पैसे उभे केले, २०१६ साली तो लावला, आणि नंतरही ठिकठिकाणी त्याचे खेळ करून घरच्यांशी, डॉक्टरांशी ते बोलत राहिले. याला म्हणतात भूमिका!

पण मला खरी धडक बसली ती चन्नम्माची. माहुताची ही कानडी बोलणारी बायको अमृता सुभाषनं केलीय आणि त्याबद्दल तिला सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. (सुमित्राताईंच्या संवादांनाही त्याच वर्षी मिळाला.) स्वतःच्या पोटाची मारामार, हत्तीच्या पोटाची त्याहून मोठी, आणि त्यात हा कुठला कोण म्हातारा मागं लागलाय. अल्झायमर हा शब्द तिनं ऐकलेला नाही. ती एवढंच बघते की हा भुकेला आहे, घाबरलाय. ती त्याला भरवते. आणि तो तिला आई म्हणतो. ज्याला अख्खे ग्रंथ मुखोद्गत होते त्याच्याजवळ शेवटी एवढा एक शब्द उरतो, आणि तो ती ओंजळीत घेते.

इथे एखादा साधा दिग्दर्शक घसरला असता. बघा, शिकलेल्या लेकीला जमलं नाही ते अडाणी बाईला जमलं, असा शेरा मारून मोकळा झाला असता. सुमित्राताई तसं करत नाहीत. मला ते बघताना जाणवत राहिलं की चन्नम्माकडे हा माणूस एक दिवस आहे आणि इराकडे रोज आहे. एक दिवसाची माया आणि रोजची माया यांची तुलनाच होत नाही. रोजच्या मायेत चिडचिड असते, नोकरी असते, नवऱ्याचा स्वभाव असतो, वडलांशी जुनी भांडणं असतात, आणि मध्यरात्री उठून बदलायची चादर असते. इरावती हर्षेच्या चेहऱ्यावर हे सगळं एकाच वेळी दिसतं. प्रेम आटलेलं नाही, पण ताकद आटत चाललीय. हे मराठी सिनेमात इतकं स्वच्छ मी कधी पाहिलं नव्हतं.

सुमित्रा भावे मूळच्या समाजकार्याच्या क्षेत्रातल्या. १९८५ साली ‘बाई’ या लघुपटानं त्यांनी सुरुवात केली, आणि पुढे स्किझोफ्रेनियावर ‘देवराई’, कोडावर ‘नितळ’, नैराश्यावर ‘कासव’. ‘कासव’ला तर सुवर्णकमळ मिळालं. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. आता मी एकेक करून सगळे बघणार आहे. या बाई आयुष्यभर आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाकडे कॅमेरा वळवत होत्या.

आणि हेच मला तुम्हाला सांगायचंय. आपल्याकडे म्हातारपणाची गोष्ट म्हटली की ती मुलांची गोष्ट होते. ‘नटसम्राट’ घ्या, ‘संध्याछाया’ घ्या, थोर नाटकं दोन्ही, आम्ही घरी टीव्हीसमोर बसून रडलोय. पण रडू येतं ते मुलं दूर गेली म्हणून, सून बोलली म्हणून, पत्र आलं नाही म्हणून. मुलं चांगली निघाली, जवळ राहिली, पैसाही आहे, तरी काय होतं? तरी एक शरीर असतं, ते उचलायचं असतं, पुसायचं असतं, त्याची कूस बदलायची असते. ते कोण करतं, कसं करतं, आणि करणाऱ्याचं काय होतं? ‘अस्तु’त कुणी खलनायक नाही. दोष देऊन मोकळं व्हायची सोयच तो ठेवत नाही.

मग मी नवरा-बायकोचा असा सिनेमा शोधायला लागले. लेकीचं झालं, जन्माच्या जोडीदाराचं काय? आणि मला मिळाला ‘अमूर’. मिखाएल हानेके या ऑस्ट्रियन दिग्दर्शकाचा फ्रेंच सिनेमा, २०१२ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक, पुढच्या वर्षी परभाषी चित्रपटाचं ऑस्कर. जॉर्ज आणि ॲन, दोघंही ऐंशीच्या घरातले, पियानोचे निवृत्त शिक्षक. एका सकाळी नाश्ता करताना ॲन एकदम थिजते. नवरा हाक मारतोय, ती नुसती बघतेय. तो नळ सोडून तिच्या मानेला ओलं फडकं लावतो, नळ तसाच वाहत राहतो. तो आत कपडे करायला जातो, आणि पाण्याचा आवाज बंद होतो. ती भानावर आलीय, तिनं नळ बंद केलाय, आणि तिला काहीच आठवत नाहीये. एवढ्याशा नळानं माझा जीव घशात आणला!

ऑपरेशन फसतं, उजवी बाजू जाते. ती नवऱ्याकडून कबूल करून घेते की मला परत हॉस्पिटलात नेऊ नकोस. पुढचा सगळा सिनेमा त्या एका फ्लॅटमध्ये आहे. पार्श्वसंगीत नाही, डोळ्यांत पाणी आणणारं व्हायोलिन नाही. त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटायला येतो, आता मोठा पियानोवादक झालाय. ती भूमिका आलेक्सांद्र तारो या खऱ्याखुऱ्या पियानोवादकानं केलीय. पुढे त्याची सीडी वाजत असताना ती मध्येच बंद करायला लावते. सूरसुद्धा सोसवत नाही अशी वेळ येते, हे दाखवायला केवढं धाडस लागतं.

आणि उचलणं! जॉर्ज तिला चाकाच्या खुर्चीतून साध्या खुर्चीत बसवतो ते दृश्य मी पुन्हा पुन्हा पाहिलं. तो वाकतो, तिचा हात स्वतःच्या गळ्यात घेतो, दोघं क्षणभर एकमेकांना धरून उभी राहतात, पावलं थरथरतात, मग हळूच वळून बसणं. म्हटलं तर मिठी, म्हटलं तर मेहनत. जाँ-लुई त्रँतिन्याँ तेव्हा स्वतः ऐंशीच्या पुढचा होता, म्हणजे ते ओझं अभिनयाचं नाही, खरंच त्याच्या गुडघ्यांवर आलंय. एमान्युएल रिवा ही १९५९ च्या ‘हिरोशिमा मॉन आमूर’ची नायिका. ‘अमूर’साठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि सोहळ्याच्या दिवशीच तिला ८६ वर्षं पूर्ण झाली. सुरकुत्या, वाकडं तोंड, अर्धवट शब्द, काही लपवलेलं नाही. मला ती विलक्षण सुंदर दिसली.

एक प्रसंग सांगते आणि थांबते, कारण बाकीचं तुम्ही बघायला हवं. ती पाणी प्यायला नकार देते. तो विनवतो, धमकावतो, चमच्यानं... नाही, फुलपात्रानं तोंडात घालतो. ती थुंकते. आणि तो तिच्या थोबाडीत मारतो. आयुष्यभर हळुवार बोललेला हा माणूस. लगेच माफी मागतो. मी मोबाईल खाली ठेवला. कारण अशी थप्पड मी ऐकलेली आहे, भिंतीपलीकडून, आणि त्या माणसाला मी मनात काय काय नावं ठेवली होती. हानेके त्याला माफ करत नाही आणि सुळावरही चढवत नाही. तो फक्त थप्पड जिथून आली ती रात्र दाखवतो, त्याच्याही आधीची रात्र दाखवतो.

आता माझ्या गावाकडे वळू द्या, कारण हे सगळं लिहायला बसले ते त्यासाठी.

पिंपरी-चिंचवड हे तरुण माणसांनी वसवलेलं शहर. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात आकुर्डीत बजाज, पिंपरीत टेल्को, आणि त्यांच्या भोवती शेकडो लहान वर्कशॉप. सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा, खानदेश इथून वीस-बावीस वर्षांची पोरं ट्रंका घेऊन आली. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महानगरपालिका. ती पोरं आता पंचाहत्तरीच्या, ऐंशीच्या घरात आहेत. निगडी, यमुनानगर, संभाजीनगर, शाहूनगर, दुपारी या गल्ल्यांतून चालून बघा. गॅलरीत वाळणाऱ्या चादरींची संख्या बघा. दारात उभी केलेली चाकाची खुर्ची बघा. संध्याकाळी सातला नर्सिंग ब्यूरोची दिवसाची मावशी बाहेर पडते आणि रात्रीची अजून आलेली नसते, ती मधली घालमेल बघा. मी इथेच वाढले आणि मला हे सगळं सिनेमानं दाखवलं! भारतात साठीच्या पुढच्यांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यात अर्धांगवायू धरलेला नाही, पार्किन्सन्स धरलेला नाही, मोडलेली खुब्याची हाडं धरलेली नाहीत. आणि प्रत्येक आजाऱ्यामागे सांभाळणारं एक माणूस, त्याची तर मोजणीच कुठे होते?

कारखान्यातल्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. रिलिव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. तिसऱ्या पाळीचा माणूस आला नाही तर दुसऱ्या पाळीचा थांबतो, कुरकुर करतो, पण थांबतो, कारण सकाळी तरी कोणीतरी येणार हे त्याला ठाऊक असतं. घरात जोडीदार अंथरुणाला खिळला की जी पाळी सुरू होते तिला रिलिव्हरच नाही. सुपरवायझरकडे तक्रार नाही, साप्ताहिक सुट्टी नाही, आणि पाळी कधी संपेल हे विचारणंसुद्धा पाप वाटतं, कारण ती संपणं म्हणजे काय ते दोघांनाही माहीत असतं.

यावरून मला अरुणा शानबाग आठवल्या, मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका, हल्ल्यानंतर कायमच्या अंथरुणाला खिळलेल्या. १९७३ पासून २०१५ पर्यंत केईएममधल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं, आणि इतक्या वर्षांत पाठीला जखम होऊ दिली नाही. सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या इच्छामरणाबद्दलच्या २०११ च्या निकालात त्या कर्मचाऱ्यांचं मनापासून कौतुक केलं. आजवर मी ती गोष्ट फक्त मायेची म्हणून ऐकत होते. आता मला तिच्यातल्या पाळ्या दिसतात. एक परिचारिका घरी जायची, दुसरी यायची. जुनी निवृत्त व्हायची, नवी शिकून हजर व्हायची. माया बेचाळीस वर्षं टिकली, कारण ती अनेक हातांत वाटलेली होती. जॉर्जजवळ दोनच हात होते. एक नर्स तो ठेवतो, ती ॲनचे केस निर्दयपणे विंचरते, तिला तो हाकलतो. लेक येते, रडते, सल्ला देते, जाते. ‘अमूर’चा शेवट अस्वस्थ करणारा आहे हे आधीच सांगून ठेवते. सुरुवातीलाच दार फोडून आत शिरलेले अग्निशमनचे लोक आणि फुलांत निजलेली ॲन दिसते, त्यामुळे काय झालं हे गुपित राहत नाही. ते बरोबर की चूक यावर लोक तावातावानं बोलतात. मला मात्र त्या आधीचे महिने दिसत राहतात. तेव्हा कोणीतरी दार वाजवून म्हणालं असतं, जॉर्जभाऊ, तुम्ही दोन तास झोपा, मी बसतो, तर?

तिसरा सिनेमा ‘थ्री ऑफ अस’. २०२३ साली थिएटरात आला, हिंदी आहे, पण दिग्दर्शक आपला ‘किल्ला’वाला अविनाश अरुण, आणि गोष्ट वेंगुर्ल्याची. शैलजाला, म्हणजे शेफाली शाहला, ऐन उमेदीत विस्मरणाचा आजार सुरू होतोय. सगळं पुसलं जायच्या आधी तिला बालपणीचं कोकण बघायचंय, तिथला शाळेतला जिवलग मित्र भेटायचाय. सगळे त्या दोघांबद्दल बोलतात. मी नवऱ्याकडे बघत होते. स्वानंद किरकिरेनं केलेला दीपांकर, विमा विकणारा, साधा. बायकोचं हे फुलणं आपल्यापाशी कधी झालं नाही हे तो तिथे उभा राहून बघतो. त्याला लागतं. आणि तरी तो तिला घेऊन हिंडतो. पुढची सगळी वर्षं याच माणसाच्या अंगावर पडणार आहेत, हे त्याला कळलेलं आहे, आपल्यालाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. टेल्कोत मेंटेनन्सला होते. काकूंना झटका आला तेव्हापासून त्या पलंगावर आहेत, आणि त्यांचं सगळं काकाच करतात. परवा मी त्यांना म्हटलं, काका, तुम्हाला एक सिनेमा दाखवू का? फ्रेंच आहे, पण कळेल. काकू झोपल्या होत्या. आम्ही आवाज बारीक करून बघितला. मला भीती होती की त्यांना त्रास होईल. त्यांना झाला तो वेगळाच. जॉर्ज ॲनला उचलायला वाकला तसे काका पुढे सरकले. “ब्रेक लाव आधी. खुर्चीचा ब्रेक लाव,” ते स्क्रीनला म्हणाले. मग म्हणाले, “हात बरोबर घेतलाय. पण पाय जवळ आहेत याचे, कंबर धरणार.” बिछाना ओला होतो त्या प्रसंगाला ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. पाणी पाजण्याच्या वेळी म्हणाले, “आडवं ठेवून नाही पाजत. ठसका लागतो. मान पुढे घ्यायची.” थप्पड बसली तेव्हा उठून आत गेले. काकूंची कूस बदलून आले, वेळ झालीच होती. भिंतीवर त्यांनी चेकशीट लावलंय, दर दोन तासांची कूस, पाणी, गोळ्या, पुढे टिकमार्क. पलंगाच्या पायांखाली लोखंडी ठोकळे घालून उंची वाढवलीय, भिंतीत जीआय पाइपचा दांडा बसवलाय, सगळं स्वतः कापून, वेल्डिंग करून. परत येऊन बसले आणि म्हणाले, “मागे घे जरा. तो उचलतो ते परत दाखव.”

जगातले मोठमोठे समीक्षक त्या दृश्यावर लिहून गेले असतील. माझ्यासाठी शेवटचा शब्द काकांचा. पाहता पाहता ते म्हणाले, “हा माणूस शिकत गेलाय बघ. पहिल्यांदा उचलतो तेव्हा भितोय, नंतर नाही.” मी इतक्या वेळा पाहून मला ते दिसलं नव्हतं.

आता डोक्यात एकच घेतलंय. चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरचं अत्रे रंगमंदिर, निगडीचं नवं गदिमा नाट्यगृह, एवढी सभागृहं या शहरात आहेत. एखाद्या दुपारी ‘अस्तु’चा खेळ लावायचा, फक्त सांभाळणाऱ्या माणसांसाठी. आणि तेवढा वेळ त्यांच्या घरी आजाऱ्याजवळ बसायला आपल्यातली माणसं पाठवायची. सिनेमाची तिकिटं सोपी आहेत, बसणारी माणसं मिळवणं हे खरं काम. कंपनीतल्या दोघींनी नावं दिलीत. कूस कशी बदलायची हे काका आम्हाला शिकवणार आहेत. रविवारी सकाळी, त्यांच्याच घरी, काकूंना विचारून. काकूंना बोलता येत नाही फारसं, पण विचारलं तेव्हा त्यांनी डावा हात वर केला, आणि काका म्हणाले, “हो म्हणतेय. पण सावकाश उचला, म्हणतेय.”